मावसाजी ओळख देत नसत

औषधांचं दुकान टाकून औषध विकायला टाळाटाळ करण्यात आमच्या मावसाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नव्हता. आणीबाणीच्या आगेमागे देवळीच्या बसस्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. कोणी टॉनिक मागितलं की ते विचारत, "काऊन? घरचे शेंगदाणे सरले काय?" डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर भल्याभल्या पाटलांनाही परत पाठवत. चिठ्ठी असली तरी सुटका नव्हती. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवून ते बाटली पुढे करत, पण हातातून सोडत नसत. कधी, किती, जेवणाआधी की नंतर, हे गिऱ्हाइकानं घडाघडा म्हणून दाखवलं की मगच त्यांची बोटं सैल होत. बायाबापड्या दुकानाच्या पायरीवरच पाठांतर करत बसायच्या.

दुकानाबाहेर मात्र ते कोणालाच ओळखत नसत. लग्नात कोणी हात जोडून "आता बरं वाटून राह्यलं, भाऊ" म्हणालं की ते मांडवाच्या झालरीकडे बघत बसत. कोण आपल्याकडून काय नेतं हे आपल्या चेहऱ्यावरूनही कळू नये, असा त्यांचा बाणा. अर्ध्या देवळीनं त्यांना शिष्ट ठरवलं होतं. मावशी म्हणायची, "एक दिवस मलेबी वळखनार नाईत हे."

मला मात्र हा बाणा पुरता पटला होता, कारण सोळाव्या वर्षापासून मला फिटच्या गोळ्या चालू होत्या. हे आईबाबांना, वर्ध्याच्या डॉक्टरांना आणि मावसाजींनाच ठाऊक. मावशीला नाही, कारण तिच्या पोटात गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नसे. गावात बोभाटा झाला असता तर माझं लग्न जमणं कठीण होतं.

अशात मावसाजींच्या सुमीला बघायला वडनेरचे पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "भाऊ, पोरीले काई औषध-गोळी चालू नाई ना?" सुमीला जन्मात पडशापलीकडे काही झालेलं नव्हतं. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी बैठक तिथंच पक्की होती. मावसाजी म्हणाले, "कोनाच्या औषधाचं मी कोनापाशी बोलत नाई." पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले.

मावशीनं डोळ्याला पदर लावला. "पोटच्या पोरीचं सांगाले काय झालतं?"

"आज सुमीचं नाई म्हनलो, तं उद्या दुसऱ्या पोरीच्या वेळी गप राह्यलो का लोक समजूनच जातीन. बोलाचं नाई म्हंजे कोनाचंच नाई."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी कपबश्या गोळा करत होते, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. सुमीनं तर बापाशी बोलणंच टाकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलाचे वडील एकटेच दुकानात आले. मूळव्याधीची चिठ्ठी होती, आणि ओळखीचं कोणी बघेल म्हणून त्यांनी ती कुठल्याच दुकानात दाखवली नव्हती. त्यांनी औषध घेतलं, डोस म्हणून दाखवला आणि जाता जाता लग्न पक्कं करून गेले. हे सगळं पुढे त्यांनीच भर पंगतीत हसत हसत सांगितलं, "सोयरा असा पक्क्या पोटाचा पाह्यजे." मावसाजी तेव्हा त्यांनाच जिलेबी वाढत होते, आणि चेहरा असा, की हे गृहस्थ कोण बुवा.

माझं ठरायची वेळ आली तेव्हा मावसाजी एवढंच म्हणाले, "सांगाचं तं तूच सांगजो. तुयं हाय ते." मी मुलाला आधीच सांगितलं. त्याची काही हरकत नव्हती.

आता मावसाजी नाहीत. परवा मी मावशीच्या गोळ्या डबीत लावून देत होते, तर ती म्हणाली, "तू नशिबाची हायस, बाई. गोळी कशी असते, तुले ठाऊकच नाई."

जन्मभर संसार केलेल्या बायकोलाही त्यांनी कळू दिलं नव्हतं. मला त्यांची फार आठवण आली. "हो मावशी," मी म्हणाले. मग डबी पुढे केली, कुठली गोळी कधी घ्यायची ते तिच्याकडून म्हणवून घेतलं, आणि मगच सोडली.