रुमालाखालचा भाव

मी मुळात भित्रा. विहिरीत डोकवायचं म्हटलं तरी माझे पाय मागे सरायचे. त्यात परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, आमची कापसाची अडत, त्यामुळे घाबरायला रोज नवं निमित्त मिळायचं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चारचौघांत विचारायचे, "अडत्याचं पोरगं अन् हात असा गार कसा रे?"

हाताचा विषय उगाच निघत नसे. निजामाच्या त्या दिवसांत आमच्याकडे कापसाचा सौदा तोंडानं होत नव्हता. घेणारा आणि अडत्या समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. गाडीवाले, हमाल, दुसरे खरेदीदार भोवती उभे असायचे, पण आत काय चाललंय ते कुणाला दिसायचं नाही. याला हत्ता म्हणत. सौदा चालू असताना आतली गोष्ट बाहेर काढायची नाही, हा मोंढ्याचा कायदा होता.

मोठ्या घेणाऱ्या कंपन्या दोनच. विलायती कंपनी जुनी. तिच्या वतीनं आपल्याच भागातला एक जाडजूड दलाल खरेदी करायचा. माल नाकारायची त्याला भारी हौस. धागा आखूड आहे, कचरा फार आहे, असं म्हणत तो कापूस चिमटीत धरायचा आणि मेलेलं झुरळ टाकावं तसा टाकून द्यायचा.

मी विशीत असताना जपानी कंपनी आली. तिचा खरेदीदार स्वतः जपानी होता, ठेंगणा आणि अतिशय नम्र. दलालानं टाकलेला आखूड धाग्याचा माल त्यानं घेतला, आणि भावही दोन पैसे चढा दिला. प्रत्येक अडतीला त्यानं बर्फाच्या डोंगराचं एक कॅलेंडर दिलं. त्याच्याशी हत्ता करायचं काम आबांनी माझ्यावर टाकलं.

पहिल्याच सौद्यात घोटाळा झाला. त्यानं माझी चार बोटं धरली, मी चार समजून खूश झालो, आणि त्याला मात्र एक म्हणायचं होतं. त्याच्या देशात मोजताना बोटं उघडत नाहीत, मिटतात. त्यामुळे आपण धरतो ते बोट तो सोडायचा आणि उरलेली धरायचा. मग रुमालाखालीच मी त्याला आपली मोजणी शिकवायला लागलो. हंगामभर आमचा हत्ता इतरांपेक्षा लांबायचा. हमाल ओरडायचे, "सौदा करायलेत का लगीन लावायलेत?"

दोन वर्षांत बाजारपेठेत जपानी कापड आलं. आमचाच कापूस समुद्र ओलांडून गेला होता आणि कापड होऊन परत आला होता, तरी मुंबईच्या गिरणीच्या कापडापेक्षा स्वस्त. आईनंही एक लुगडं घेतलं. मला काही केल्या हिशोब लागेना. एकदा मी त्यालाच विचारलं. तो मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "पहले घाटा. सब का दुकान बंद. फिर दुकान एक." असं म्हणून तो गोड हसला. ते एक दुकान कुणाचं राहणार हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग ऐन हंगामात जपान इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरला. दुपारपर्यंत पोलिसांनी त्याच्या गोदामाला सील ठोकलं. त्याला स्टेशनकडे नेताना मी पाहिलं. त्यानं नेहमीसारखं वाकून नमस्कार केला आणि कुणी पाहिलं तर काय, या भीतीनं मी मान फिरवली. घरी आलो तर आई अडतीतून काढून आणलेलं कॅलेंडर चुलीत घालत होती. मग अंगावरच्या लुगड्याकडे बघत ती म्हणाली, "ह्येबी जाळू का रं?"

दोन दिवसांनी मला ठाण्यावर बोलावलं. अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, खुर्चीत होते आणि शेजारी बाकावर विलायती कंपनीचा दलाल पान चघळत बसला होता. त्याला तिथं पाहिल्याबरोबर कुणी चुगली केली ते मला कळलं.

"रुमाल के नीचे इतनी देर क्या बातें होती थीं?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"भावच, साहेब. त्याला बोटं मोजता येत न्हवती. शिकवायलो होतो."

हे खरं होतं, पण बोलताना माझं मलाच खोटं वाटलं. जहाजातून कापूस नेणाऱ्या माणसाला पाचापर्यंत मोजता येत नाही, हे कोण ऐकून घेणार? अमीनसाहेब म्हणाले की उद्याच्या गाडीनं हैदराबादला पाठवतो, तिथं बोल. हैदराबादला नेलेला माणूस कधी परत येतो हे कुणी सांगू शकत नसे. आबा बाहेर लिंबाखाली बसले होते, मी दारातून त्यांच्याकडेच बघत राहिलो.

तेव्हा दलाल उठला. "साहेब, लहान तोंडी मोठा घास, पण मी हत्ता करून बघतो. पोरगं खरं बोलायलंय का न्हाई ते मला बोटावरून कळंल."

त्यानं आपला रुमाल माझ्या हातावर टाकला. आत त्याचा गरम, जाड पंजा आला आणि त्यानं माझी दोन बोटं धरली. मागच्या हंगामात याच मालाला जपान्यानं पंजा धरला होता. मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत शांतपणे पान चघळत होता. त्यानं पुन्हा तीच दोन बोटं धरली, या वेळी जोरानं, आणि सोडलीच नाहीत. हा आमच्या मालाचा भाव होता, आणि माझ्या सुटकेचाही. एक दुकान कुणाचं, ते मला त्या क्षणी कळलं. मी भीतीनं त्याचा हात दाबला. कबूल.

"पोरगं खरं बोलायलंय," दलाल रुमाल झटकत म्हणाला. "आपलंच हाय, साहेब. सोडा."

आबांनी मला थेट मोंढ्यात नेलं. वालूरच्या, राणीसावरगावच्या गाड्या सकाळपासून भावासाठी थांबल्या होत्या. दलाल आमच्या आधीच येऊन कट्ट्यावर बसला होता, आणि आमच्या अडतीच्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला विलायती कंपनीचं कॅलेंडर लागलं होतं.

"लय मारलं का?" आबांनी हळूच विचारलं.

"न्हाई. भाव ठरला."

सगळे गाडीवाले आमच्याकडे बघायला लागले. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. मी त्यांची दोन बोटं धरली. तिसऱ्या बोटाची वाट बघत आबांनी हात तसाच पुढं धरून ठेवला.