सोललेल्या कोपऱ्यातून दिसलेले हात

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, ज्या पोरांसोबत मोर्चे काढले त्यांच्याजवळ तर नाहीच. मला पत्रकं लिहिता येतात. गुन्हेगार कोण, गुन्हा काय, आमची मागणी काय — एका पानात बसवतो. स्वतःबद्दल लिहायला बसलो की मात्र — बघा, आताही तेच चाललंय. मी काचेबद्दल सांगणार होतो.

अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाणारी सकाळची मेमू लोकल. मी जठारपेठेत राहतो, कामाला अमरावतीला. पहिल्या डब्यात, जिथे ड्रायव्हरची केबिन सुरू होते, तिथल्या दाराला एक काच आहे. आतून काळा कागद चिकटवलेला. त्याचा खालचा कोपरा सोललेला. तिथे डोळा लावला की समोरचे रूळ दिसतात. कधी पाहिलंय असं? गाडी पुढे जातेय असं वाटतच नाही. वाटतं, रूळच आपल्याला आत ओढून घेताहेत. हिवाळ्यात धुकं असलं की आणखीच. एखादं बाभळीचं झाड एकदम समोर उभं राहतं आणि नाहीसं होतं. मी रोज तिथेच बसायचो. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो.

वाटेत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाला थांबा नव्हता. माळ्यांची घरं, झेंडू आणि भाजी पिकवणारी. माल डोक्यावर घेऊन, रूळ ओलांडून, पुढच्या स्टेशनापर्यंत चालायचं. मला राग यायचा. खरा राग — तो खोटा नव्हता, एवढं तरी माझ्याकडे राहू द्या.

आंदोलनाची कल्पना माझी. रोज सकाळी गाडीच्या वेळेला बायामाणसांनी रुळाच्या कडेला उभं राहायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर धरायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही. रेल्वेत दोन्ही हात वर म्हणजे धोका, गाडी थांबवा. हे मला माहीत होतं, म्हणूनच निवडलं. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने गाडी थांबवलीही. खाली उतरला, विचारपूस केली. वत्सलाकाकू सगळ्यांत पुढे होत्या, झेंडूवाल्या. त्या म्हणाल्या, "काही झालं नाई बाप्पा. तुमी थांबत नाई म्हून आमी थांबवून राहिलो."

तो हसला. "असं रोज थांबवाल तर मले घरी बसवतीन ना, काकू."

दुसऱ्या दिवसापासून तो थांबला नाही. लांब हॉर्न द्यायचा, हात हलवायचा आणि निघून जायचा. मी कोपऱ्याला फोन लावून चित्रण करायचो. दिवसामागून दिवस. म्हणजे त्या माणसाला आम्ही काय शिकवत होतो? की इथे वर केलेले हात दिसले तर थांबायचं नसतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं का? — कळलं होतं. मनात येऊन गेलं होतं. मी ते बाजूला सारलं, कारण आंदोलन रंगात आलं होतं.

मग तो दिवस. अमरावतीला सभा होती म्हणून त्या सकाळचं आंदोलन मी रद्द केलं होतं. आदल्या संध्याकाळी काकूंनाच फोन केला होता. त्या "बरं बाबू" म्हणाल्या होत्या. ड्रायव्हरला अर्थातच कुणी कळवलं नव्हतं.

धुकं होतं. मी सवयीने फोन कोपऱ्याला लावला. गावाच्या अलीकडचं वळण आलं आणि धुक्यात दोन हात दिसले. फक्त दोन. बाकी कुणी नाही. ते हात स्थिर नव्हते, गाडीकडे पळत येत होते. खाली उघडं तोंड होतं. आमचं आंदोलन मुकं होतं, आणि ही बाई ओरडत होती.

मला समजलं. लगेच समजलं. आज कुणी येणार नव्हतं हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. ठोकायला काच हाताशी होती, ओढायला साखळी डोक्यावर होती. आणि मी काय केलं? मी फोन हलू दिला नाही. एकटी बाई, धुकं, वर केलेले हात, आणि न थांबणारी गाडी — पत्रकाची पहिली ओळ मला तिथेच सुचली.

नेहमीचा लांब हॉर्न वाजला. मग वळणापलीकडे सायकल दिसली. चाक रुळाच्या फटीत, कॅरिअरवर झेंडूचं पोतं, आणि ती ओढणारे महादेवकाका, वत्सलाकाकूंचे मालक. ओरडत पळणारी बाई म्हणजे काकूच. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं. ब्रेक लागला तो तेव्हा.

ते चित्रण मी एकदाच पाहिलं आणि पुसलं. त्यात माझा श्वास ऐकू येतो. शांत आहे. त्याचीच मला सगळ्यांत भीती वाटते.

चौकशीत मी सांगितलं, मी तिसऱ्या डब्यात होतो. ड्रायव्हर म्हणाला, हात रोजचेच असायचे. त्यावर मी पत्रकात लिहिलं, 'रोजचेच म्हणून माणूस मारायचा का?' ते वाक्य फार गाजलं. त्याला गाडीवरून काढलं. पुढे त्याचं काय झालं, मी विचारलं नाही. गावाला थांबा मिळाला.

आता मेमू तिथे थांबते. वत्सलाकाकू रोज फलाटाच्या टोकाला उभ्या असतात, दोन्ही हात वर. गाडी पूर्ण थांबेपर्यंत हात खाली येत नाहीत. पहिल्यांदा पोरं हसली, आता कुणी हसत नाही. मी पाहतो. त्या कोपऱ्यातून ते हात रोज मोठे होत माझ्याकडे येतात, आणि प्रत्येक वेळी, थांबा ठरलेला असूनही, मला वाटतं की गाडी थांबणार नाही.

गेल्या आठवड्यात त्या पहिल्या डब्यात चढल्या. पाटी खाली ठेवली, मला झेंडूचं एक फूल दिलं. "तू होता म्हून थांबते रे बाबू गाडी." मग त्यांची नजर काचेवर गेली. वाकल्या, कोपऱ्याला डोळा लावला. 

"इथून तर सगळंच दिसते," त्या म्हणाल्या. वळल्या नाहीत. "तू त्या दिवशी कुठं बसला होता?"

"तिसऱ्या डब्यात, काकू."

"हो. सांगतलं होतं तू."

बडनेरा येईपर्यंत त्यांनी डोळा काढला नाही.

मी पहिल्या डब्यात होतो.