सरकलेल्या पट्ट्या

माझ्या थोरल्या बहिणीला खोटं बोलता येत नाही, असं आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची. लपवता मात्र छान येतं, हे फक्त मला माहीत होतं. पन्नाशीच्या आतच ताईचे कान जाऊ लागले, उजवा तर जवळजवळ गेलाच. डॉक्टरांकडे तिला मीच ओढून नेलं, उजव्या कानात मशीन मीच घालायला लावलं, आणि ते झाकलं जाईल असे केसही मीच कापून दिले, कारण घरात कात्री माझ्या हातात. मी शिवणकाम करते, ताई भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिथे कुणाला काही कळता कामा नये, एवढी तिची एकच अट होती.

कारण तिथले पंप. बिघडायच्या आधी त्यांचा आवाज किंचित बदलतो, आणि तो ज्याला ओळखता येत नाही त्याला यंत्रापाशी एकटं बसू देत नाहीत. यंत्र हातचं गेलं असतं तर ताईने अन्नपाणी सोडलं असतं. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "माझं झालंय की, त्या डब्याशी!"

तो डबा काय करतो, हे तिने मला डोकं फोडून समजावलं होतं. अणू इतके गार करायचे की ते जवळजवळ थांबतात. मग ते सोडायचे, आणि एकेक अणू म्हणे एकाच वेळी दोन वाटांनी जातो. "मग मला एका वेळी दोन कपडे का शिवता येत नाहीत?" मी विचारलं. "तू अणू नाहीस गं, चांगली ऐंशी किलोंची आहेस," ती म्हणाली. दोन्ही वाटा परत जुळल्या की उजळ आणि काळ्या पट्ट्या उमटतात. वाटेत कसलंही अगदी क्षीण बल असलं, तरी त्या पट्ट्या केसभर सरकतात. असं एक बल जगात असावं, असं काही विद्वान नुसतं कागदावर मांडत होते. दिसलं कुणालाच नव्हतं. ताईच्या पट्ट्या सरकल्या.

मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मला यंत्र दाखवायला घेऊन गेली. आत शिरण्यापूर्वी घड्याळ, किल्ल्या, पट्टा, मोबाइल, सगळं बाहेर काढून ठेवायचं. जवळपास जरासं लोखंड किंवा चुंबक असलं तरी पट्ट्या फसवतात. माझ्या गळ्याशी खोचलेल्या टाचण्या बघून तिने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. स्वतःच्या कानातल्या मशीनचा विचार तिच्या मनातही आला नाही. चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधावा, तसं ते तिच्या अंगाचंच झालं होतं. यंत्राला एक छोटी काचेची खिडकी होती. मोजमाप चालू असताना ताई तिला गाल लावून आत बघत बसायची.

तिच्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती. बारीक आवाजाची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ताईला ताप आला तेव्हा चिमणीने यंत्र चालवलं, आणि पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. ताई बरी होऊन परतली, तिने मोजलं, तर पुन्हा सरकल्या. झालं! भरल्या बैठकीत ताईने तिला झाडलं. "तुझ्या हाताला शिस्तच नाही. आणि पुटपुटू नकोस, मोठ्याने बोल!" घरी येऊन माझ्यापाशीही तेच पुराण. मी म्हटलं, "अगं, तुलाच ऐकू आलं नसेल." त्यावर ताटावरून उठली. पुढे काही आठवड्यांत चिमणी पदवी अर्धवट टाकून निघून गेली. ताईचा लेख छापायला गेला.

मग कानातलं मशीन बिघडलं आणि दुरुस्तीला द्यावं लागलं. त्या आठवड्यात पट्ट्या हलेनात. ताईने पंप तपासले, तारा तपासल्या, लेसर उतरवून पुन्हा बसवला. दुरुस्त झालेलं मशीन कानात घालून बसली, आणि पट्ट्या सरकल्या.

घरी आली ती बुटांसकट पलंगावर बसली. मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. "याच्यात आवाजासाठी एवढंसं चुंबक असतं," ती म्हणाली. "मी माझाच कान मोजत होते."

मला भडभडून आलं. लेख मागे घ्यायचा म्हणजे आयुष्याची कमाई मातीत, आणि वर बहिरेपण चव्हाट्यावर. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती म्हणाली, "सांगावंच लागेल. ती पोरगी बरोबर होती." पुढच्या बैठकीत तिने सगळं सांगितलं. प्रयोगशाळेचे साहेब भला माणूस. ते एवढंच म्हणाले, "आधी बोलला असता, तर खिडकीला कॅमेरा लावून तुम्हाला शेजारच्या खोलीत बसवलं असतं. पंपांसाठी घंटा नाही का लावता आली असती?" घरी येऊन हे मला सांगताना ताई रडली. एवढं सोपं होतं, याचंच तिला जास्त लागलं.

त्यानंतर ती कानात मशीन घालायलाच तयार होईना. एका रविवारी तिने चिमणीला फोन लावला आणि लगेच माझ्या हातात दिला. "मला काही ऐकू येणार नाही, तूच बोल. चूक माझी होती म्हणावं. परत ये, तुझी पदवी मी पुरी करून घेईन."

मी सगळं सांगितलं. चिमणी कुठल्याशा कचेरीत नोकरीला लागली होती. मग ती म्हणाली, "मॅडमना सांगा, माझा राग नाही. पण त्या दिवसापासून माझा माझ्याच हातांवर विश्वास राहिलेला नाही. मी नाही येणार."

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाली?"

मी हळूच सांगितलं. तिला कळलं नाही. तिने कानामागे हात धरला आणि कान माझ्या तोंडाशी आणला. मग ते वाक्य मला तिच्या कानात ओरडून सांगावं लागलं.