मेक्सिकोचं पित्तर

माझी मुलगी लातूरच्या एका इंग्रजी शाळेत चौथीत आहे. दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेनं 'जगातले सण' साजरे करायचं ठरवलं. तिच्या वर्गाच्या वाट्याला मेक्सिको आला. तिथं वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात म्हणे. मग त्यांचे फोटो मांडायचे, झेंडू वाहायचा, त्यांच्या आवडीचं खायला ठेवायचं. बाईंचा मोबाईलवर निरोप आला: घरातल्या दिवंगत व्यक्तीचा फोटो आणि आवडता पदार्थ आणावा. पदार्थ शुद्ध शाकाहारी असावा.

माझी आई तेव्हा अहमदपूरजवळच्या आमच्या गावाहून आली होती. नातीकडून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आपलं पित्तरच की. खीर करते."

"आजोबांना खीर आवडायची?"

वडील जिवंतपणी खिरीच्या वाटीला हात लावत नसत. वारल्यावर मात्र दर भादव्यात आम्ही त्यांना खीरच वाढत आलो. आता त्यांना नको म्हणायची सोय राहिली नव्हती.

"मटन लई आवडायचं," आई म्हणाली, "पर शाळंत चालायचं न्हाई." मग म्हणाली, "न्हाईतर सुशीला."

"सुशीला कोण?" मुलीनं डोळे मोठे केले.

मुरमुरे भिजवून, कांदा-मिरची घालून पोह्यांसारखी करतात ती सुशीला. वडील ती स्टँडावरच्या हॉटेलात खायचे, घरची भाकरी तशीच ठेवून. त्यावरून आईनं त्यांना जन्मभर धारेवर धरलं होतं. कार्यक्रमाच्या सकाळी तिनं स्वतःच सुशीला केली, शेंगदाणे जास्त घालून.

मी आईला आणि मुलीला शाळेत घेऊन गेलो. बाकांवर झेंडूच्या माळा होत्या, कागदी कवट्या होत्या. फोटो बघून मात्र मी चक्रावलो. घरचा मेलेला माणूस शाळेत न्यायचा म्हणजे अशुभ, असं बहुतेक पालकांना वाटलं असावं. कुणी शास्त्रज्ञ आणले होते, कुणी राष्ट्रपुरुष, एकानं कुत्रा. घरातलं वारलेलं माणूस म्हणून आमचे वडील एकटेच.

पाहुणे म्हणून एक पुढारी आले, अर्थात उशिरा. सगळ्या फोटोंना हार घालत ते निघाले. कुत्र्यापुढंही क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. वडिलांपाशी आले, नमस्कार केला आणि बशी उचलून सुशीला खायला लागले.

"साहेब, ते मांडलेलं आहे..." बाई पुटपुटल्या.

आईनं माझा हात दाबला. "खाऊ दे त्येन्ला. गेल्या भादव्यात खीर ठिवली, तर दुपार कलली तरी कावळा शिवला न्हाई. आज बघ कसा शिवला."

हसू आवरेना म्हणून मी बाहेर पडलो.

पहिलं बक्षीस कुत्र्याला मिळालं. मुलगी हिरमुसली. ऑटोत आई फोटो मांडीवर धरून बसली होती, वडिलांच्या गालावरची झेंडूची पाकळी बोटानं काढत.

पुढच्या भादव्यात गावी तिनं पित्तराच्या ताटात खिरीशेजारी सुशीला वाढली, कांद्यासकट.

"वैनी, ही कुठली रीत?" चुलते म्हणाले.

"मेक्सिकोची."

चुलत्यांनी पंगतीत ती दोनदा मागून घेतली.