मठ्ठा चांगला होता

ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत रोज ब्लिचिंग पावडर टाकणं हे माझं काम. बावीस वर्षं झाली. गाव सेलू तालुक्यातलं, केळझरपासून फार दूर नाही. पावडर बादलीत कालवायची, अर्धा तास चुना खाली बसू द्यायचा, मग वरची निवळी टाकीत ओतायची. माझ्या प्रत्येक शर्टावर पांढरे डाग आहेत. बोटांचा वास साबणानं जात नाही. तो क्लोरीनचा. ताटातल्या मिठातही क्लोरीनच असतो, पण मिठाला कोणी नाक मुरडत नाही.

पाण्याला मुरडतात. त्यातूनच गावात रीत पडली होती की हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला आदल्या दिवसापासून पावडर बंद. वरण-भाजीत वास उकळून जातो, मठ्ठ्यात राहतो. मंदिर समितीचे अध्यक्ष दरवर्षी आठवण द्यायचे, "पावडर टाकू नोको गा, मठ्ठ्याले वास येते." मी टाकत नव्हतो. त्यांच्यावर ढकलत नाही. टाकीची चावी माझ्या खिशात होती.

नऊ वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाला हगवण लागली. कळल्याबरोबर मी टाकीकडे पळालो. दुप्पट पावडर ओतली. दहाच्या सुमाराला आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या, त्यांनी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. काल-परवाही टाकली होती ना, असं त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

पाणी आरोपातून सुटलं. मग न शिजवलेलं एकच उरलं, मठ्ठा. तो एक मावशी करायच्या. लग्न असो की तेरवी, गावात मठ्ठा त्यांच्याच हातचा. लोक म्हणाले, दही जुनं होतं, गंज-पातेली नीट घासली नव्हती. दही त्याच सकाळचं होतं, असं त्या दारोदार सांगत फिरल्या. पुढच्या लग्नसराईत त्यांना एकही बोलावणं आलं नाही. त्यानंतरही नाही. कोणी दगावलं नाही हे माझं नशीब. पण टाकीकडे जायची वाट त्यांच्या दारावरून जाते आणि मी ती नऊ वर्षं मान खाली घालून चाललो.

भंडाऱ्याला मात्र पुन्हा पावडर बंद ठेवली नाही. गुपचूप टाकत आलो.

यंदा ग्रामसभेत अध्यक्षांनी तोच विषय काढला. मठ्ठ्याले दरसाल वास येऊन राह्यला, म्हणाले, हा माणूस ऐकत नाही. मी उठलो.

"टाकतो. पुढंही टाकीन. त्या साली नव्हती टाकली, अन् सिस्टरले खोटं सांगतलं. मावशीचा मठ्ठा चांगला होता."

"मंग तवा काऊन नाई बोलला?" मागून कोणीतरी विचारलं.

"भेलो."

अध्यक्ष हसले. "एवढी सत्याची हौस हाय तर सेवाग्रामले जाय ना गा. इथं काऊन उकरून राह्यला?" लोकही हसले. मला नोकरीवरून काढायचं बोलणं निघालं. काढा म्हटलं, पण जो येईल त्यालाही पावडर टाकायला लावा.

संध्याकाळी मावशींकडे गेलो. त्या पालक निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी जुडी संपवली, मग म्हणाल्या, "सभेत सांगतलं म्हणतं. ज्या बायायनं मले नावं ठेवले, त्या कोनत्या दिवशी सभेत येते रे?"

सभेत येत नाहीत, पण बाया नळावर येतात. टाकीखालच्या नळाशेजारी एक फळा आहे. पावडर टाकल्याची तारीख मी त्यावर लिहितो. दुसऱ्या दिवशी तारखेखाली लिहिलं: त्या भंडाऱ्याचा मठ्ठा चांगला होता. पाण्यात मी पावडर टाकली नव्हती. खाली सही.

अध्यक्षांनी ते पुसायला लावलं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. पुसा. चुना खाली बसेपर्यंत रोज अर्धा तास मी रिकामाच असतो.