बाबल परबचे रविवार

बाबल परब गेला तेव्हा आमचं बोलणं नव्हतं. चार वर्षं नव्हतं. बोरिवलीच्या पूर्वेला एकाच वाडीत आमची घरं, मध्ये एक विहीर आणि दोन चिंचेची झाडं, तरी नव्हतं. त्या शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटपून मी दारात चपला काढत होतो, तेवढ्यात त्याची बायको, पार्वतीवहिनी, पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली. "भावजी, ते उठत नाहीत," एवढंच म्हणाली. जेवण झाल्यावर तो नेहमीप्रमाणे जीपखाली शिरला होता. चहाला तिने दोन हाका मारल्या. तिसऱ्यांदा बाहेर आलेल्या पायाला हात लावला तर पाय गार. मी धावत गेलो. त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा उजव्या मुठीत पाना तसाच होता. चार वर्षांनी मी त्याला हात लावला तो असा...

अंत्ययात्रेच्या तयारीत माणसं जमली असताना टेकडीवरच्या बंगल्यावरून हार आला. गुलाबाचा, चांगला जाडजूड. आणणारा गडी म्हणाला, "रावजीशेठनी पाठवलाय." मी तो त्याच्या हातून घेतला आणि विहिरीमागच्या गटारात फेकून दिला. मयताच्या दारात असं करू नये हे मलाही कळतं. लोक बघत राहिले.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. बाबलविषयी वर्तमानपत्रात काही लिही असं दोघातिघांनी सुचवलं, कारण या भागात त्याच्या जीपमधून इस्पितळात गेलेली आणि पायांनी चालत परत आलेली माणसं बरीच आहेत. मी लिहितोय ते त्यांच्यासाठी आहेच. पण खरं सांगायचं तर रावजीशेठच्या घरीही हे वर्तमानपत्र येतं.

माझा धाकटा भाऊ वसंत मॅट्रिक झाल्यावर रावजीशेठच्या दगडखाणीत हजेरी कारकून म्हणून लागला. वय बावीस. बाबल तिथेच खडी फोडायच्या यंत्रावर फिटर होता. मालवणकडचा, बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला तिखट. वसंताला त्याने धाकट्या भावासारखा धरला आणि वसंतामुळे तो आमच्या घरी येऊ लागला. एका सकाळी सुरुंग वेळेआधी उडाला. इशाऱ्याचं लाल निशाण अजून वर चढायचं होतं. दगड वसंताच्या मांडीवर आला. रक्त थांबेना. शेठची जीप वीस पावलांवर उभी होती. लढाईनंतर लिलावात काढलेली अमेरिकन सैन्याची गाडी, चार सिलिंडरची, डाव्या हाताला स्टिअरिंग, चारही चाकांनी ओढणारी. त्या खडबडीत रस्त्यावरून अर्ध्या तासात अंधेरीच्या इस्पितळात पोचली असती. बाबल शेठकडे धावला. शेठने एकदा वसंताकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि म्हणाला, "गाद्या कालच शिवून आणल्यात. रक्ताचे डाग निघत नाहीत. बैलगाडी जोडा."

बैलगाडी रेल्वेच्या फाटकाशी पोचली तेव्हा फाटक बंद होतं. ते उघडेपर्यंत वसंत गेला होता.

चौकशी झाली, अपघात अशी नोंद झाली. शेठ दहाव्याला येऊन आईपुढे हात जोडून बसला आणि चहा पिऊन गेला. बाबलने त्याच आठवड्यात खाण सोडली, घोडबंदर रस्त्याला एका पत्र्याच्या छपराखाली स्वतःचं गॅरेज टाकलं. मी ऑफिसात फायली उचलायचो, ठेवायचो आणि येता-जाता एकच विचार करायचो : त्या माणसाचं वाटोळं कसं होईल. दुसरा काही विचार त्या काळात मी केल्याचं मला आठवत नाही.

दोनेक वर्षांनी शेठने मोठी मोटार घेतली आणि जीप खाणीच्या कडेला टाकून दिली. तिच्या सीटमधून गवत उगवलं. मग ती भंगारात गेली. कुर्ल्याला बाबल जुना गिअरबॉक्स शोधत फिरत असताना त्याला ती दिसली. बॉनेटवरच्या हिरव्या रंगाखालून सैन्याचा पांढरा तारा डोकावत होता, त्यावरून त्याने ओळखली. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाला, "सदू, ती गाडी गावली. घेऊया?" मी विचारलं, "जाळायला?" तो म्हणाला, "जाळून काय व्हतला? चालवूया."

आम्ही दोघांनी मिळून ती घेतली. वर्षभर प्रत्येक सुट्टीचा दिवस त्या गाडीखाली गेला. मी कारकून माणूस, पण त्या वर्षात पाने ओळखायला शिकलो, ग्रीस लावायला शिकलो, गाडी चालवायलाही शिकलो. इंजिन उतरवून चारही सिलिंडर साफ केले. मग बाबलने तिचं रूपच बदलायला घेतलं. मागच्या गाद्या त्याने सगळ्यात आधी उपटून फेकल्या. मागचा पत्रा कापून गाडी दीड हात लांब केली, म्हणजे आडवा माणूस पूर्ण मावेल, आणि त्यात सैन्याचंच कॅनव्हासचं स्ट्रेचर बसवलं. सैन्याच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी कडक असतात, रोग्याची हाडं खिळखिळी होतील म्हणून त्यातलं एकेक पान काढलं आणि रिकाम्या रस्त्यावर मला स्ट्रेचरवर निजवून, पोटावर पाण्याने भरलेला पेला ठेवून, गाडी चालवून बघितली. पेला सांडला की पुन्हा पाटे खोलायचे. सायलेन्सरचा पाइप वळवून वर छतापर्यंत नेला, कारण पावसाळ्यात नदीतून जायचं तर तो पाण्याखाली जाऊन चालणार नव्हता. पाण्यात शिरण्याआधी फॅनचा पट्टा काढून ठेवायचा, नाहीतर पंखाच पाणी उडवून इंजिन बंद पाडतो, हेही त्याने मला शिकवलं. रंग मात्र मी बदलू दिला नाही. "हिरवीच ठेव. त्याला लांबून ओळखू आली पाहिजे," मी म्हणालो. बाबलने हिरवा डबा उघडला.

गाडी फिरू लागली. पाड्यांवरच्या बाळंतिणी, ताडावरून पडलेले, साप चावलेले, कुणीही असो. हाक आली की बाबल हातातलं काम टाकून निघायचा. आणि मी? मी रविवारी गाडी काढायचो, टेकडीखालून शेठच्या फाटकासमोर हळू चालवायचो आणि भोंगा दाबून धरायचो. शेठ व्हरांड्यात असला तर उठून आत जायचा. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

मग श्रावणातला तो रविवार. आठ दिवस पाऊस लागून राहिला होता, नदीला पूर आला होता आणि टेकडीकडच्या फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी वाहत होतं. शेठचा ड्रायव्हर पोहत-चालत अलीकडे आला आणि ओलाचिंब बाबलच्या दारात उभा राहिला. शेठला झटका आला होता. तोंड वाकडं, एक बाजू लुळी. मोठी मोटार पाण्यापलीकडे अडकलेली. "तुमची जीपच येऊ शकते," तो म्हणाला.

मी तिथेच होतो. बाबल पायजमा वर खोचत होता तेवढ्यात मी गाडीपाशी पोचलो. सैन्याच्या त्या गाडीला किल्ली नव्हतीच. पुढे एक खटका असतो तो फिरवायचा आणि पायाने स्टार्टर दाबायचा. कुणीही चालू करावी. म्हणून मी बॉनेट उघडलं आणि आतला रोटर काढून मुठीत घेतला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिनात ठिणगी पडत नाही. बाबल आला, त्याने उघडं बॉनेट पाहिलं.

"रोटर दे."

"बैलगाडी जोड म्हणावं," मी म्हणालो. हे वाक्य मी कितीतरी दिवस तोंडात घोळवलं होतं.

तो ओरडला नाही. माझं मनगट धरून म्हणाला, "सदू, त्या दिवशी ही गाडी माझ्यापासून वीस पावलांवर होती. किल्ली लागत नव्हती. खटका फिरवलंय असतंय तर वसंता वाचलो असतो. आणि मी काय केलंय? टोपी काढून परवानगी मागूक गेलंय." त्याने माझी मूठ वर उचलली. "आज मी कोणाक इचारूचंय नाय."

त्याने माझी बोटं एकेक करून उघडली. करंगळी आठ दिवस सुजलेली होती. गाडी पाण्यात शिरली, पलीकडे गेली आणि थोड्या वेळाने स्ट्रेचरवर शेठला घेऊन परत आली. माझ्यासमोरून गेली. शेठ वाचला.

त्या दिवसापासून मी बाबलशी बोललो नाही. तो दोनदा आला, मी दार लावून घेतलं. पुढे तर कहर झाला. दर रविवारी सकाळी ती हिरवी जीप शेठच्या फाटकात उभी दिसू लागली. तासभर, कधी दोन तास. ज्याच्यासाठी मी भोंगा दाबायचो त्याच्या व्हरांड्यात बसून बाबल चहा पीत असणार! लोक म्हणत, शेठला त्याने जीवदान दिलं, आता घरोबा झालाय. मी रविवारी घराबाहेर पडेनासा झालो. बाबलला मी फितूर म्हणायचो, आईसमोरही म्हणायचो. आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहायची.

तेराव्यानंतर शेठचा मुलगा माझ्याकडे आला. "बाबांना तुम्हाला भेटायचंय." मी लगेच निघालो. इतक्या वर्षांत त्या माणसाला तोंडावर काय सुनवायचं ते मला पाठ होतं.

शेठ व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत होता. डावी बाजू लुळी पडलेली, बोलणं तोंडातल्या तोंडात. मी उभाच राहिलो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "वसंताला... भेंडी आवडायची नाही."

मला कळेना.

"पहिल्या रविवारी हे सांगितलं त्याने. तुमच्या बाबलने." तो थांबत, श्वास घेत बोलत होता. "मला वाटलं, तब्येत विचारायला आलाय. चहा मागवला. त्याने घेतला नाही. चार वर्षांत कधीच घेतला नाही. खुर्ची ओढून बसायचा आणि वसंताची एक गोष्ट सांगायचा. तो पोहायला कसा शिकला. कुठल्या मुलीसाठी त्याने कविता लिहिली. आज असता तर किती वर्षांचा असता. मी उठून जाऊ शकत नाही... त्याला माहीत होतं. मुलाला म्हटलं, याला येऊ देऊ नकोस. मुलगा म्हणाला, त्यांनी तुमचा जीव वाचवलाय, बाबा. कसं सांगू?"

शेठच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. "एकदा विचारलं, मला मरू का नाही दिलंस? म्हणाला, शेठ, मेला असतात तर सुटला असतात."

खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. इतकं बरं मला त्या सुरुंगानंतर कधीच वाटलं नव्हतं. मग पायऱ्या उतरलो आणि फाटकाजवळ दगडावर बसून राहिलो. चार वर्षं मी ज्याला फितूर म्हणत होतो, तो एकटा माझं काम करत होता. मी फक्त भोंगा वाजवला होता.

घरी येऊन आईला विचारलं, "भेंडीचं त्याला कुणी सांगितलं?" आई म्हणाली, "मीच. तू ऑफिसात असताना यायचा रे तो. म्हणायचा, मावशी, वसंताचं काहीतरी सांगा. पुढेपुढे म्हणायचा, संपत आलंय माझ्याकडचं. मला वाटायचं, त्याला करमत नाही म्हणून विचारतो." माझ्याशी बोलून त्याने हे सांगितलं असतं तर? पण मी दार उघडलं असतं तर ना... ते आता माझ्याकडेच राहणार आहे. त्याची शिक्षा शेठला देता येत नाही.

वहिनीने जीप माझ्या स्वाधीन केली आहे. गेल्या पावसात पाण्याने खाल्लेला तळाचा पत्रा तो बदलत होता, ते काम मी पुरं केलं. आता हाक आली की मी जातो. बाबलइतका पटकन नाही, पण जातो.

आणि परवाच्या रविवारी मी टेकडीवर गेलो. जीपचा आवाज ऐकून शेठने मान वळवली. क्षणभर त्याला वाटलं असेल की... मग त्याने मला ओळखलं. मुलगा मध्ये आला, "आता राहू द्या ना, काका. त्यांना त्रास होतो." मी म्हटलं, "बसतो थोडा वेळ." खुर्ची ओढली. शेठ पुटपुटला, "आज नको."

मी सुरू केलं. म्हटलं, "शेठ, हे बाबललाही ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे नोकरीला लागल्यावर वसंता झोपेत बोलायला लागला होता. खाणीतल्या माणसांची हजेरी घ्यायचा, एकेक नाव घेऊन. आम्ही एकाच खोलीत निजायचो, त्यामुळे मला सगळी नावं पाठ झाली होती. गंमत म्हणून मी माझ्या अंथरुणावरून 'हजर, हजर' म्हणायचो आणि तो झोपेतच हसायचा..."

शेठने चांगला हात उचलून उजवा कान झाकून घेतला. दुसरा हात त्याला उचलता येत नाही. मी खुर्ची डाव्या बाजूला घेतली आणि त्या कानाशी वाकून पुढची नावं सांगितली.