देव्हाऱ्यातलं गाडीचं पुस्तक

लेकानं जुनी चारचाकी घेतली तवा तिच्यासंगं एक पुस्तक आलतं. जाडजूड, पन्नीतच. पयल्या मालकानं बी पन्नी फोडली न्हवती. पुस्तक पायाखाली नगं याया, म्हनून मी त्याला हळदकुकू लावलं, लाल फडक्यात बांधलं आन देव्हाऱ्यात पोथीपाशी ठिवलं. मला वाचता येत न्हाई. लेक धावी शिकलाय, पन त्यानं बी कदी मागितलं न्हाई.

त्या गाडीनं आमची ऊसतोड सुटली. आधी मी आन माजं मालक, मग लेक आन सून, समदे कोयता घिऊन गेलतो. लेक तर उसाच्या फडातच जलमला. आता तो सवाऱ्या नेऊ लागला, लई बरं वाटलं.

एक दिस सवाऱ्या घिऊन नारायणगडाला निघाला. मी म्होरं बसलते. वाटंत स्टेरिंगच्या मागं लाल दिवा लागला. बारक्या किटलीचं चित्र, तिच्या तोंडाला थेंब.

"ह्यो कावून लागला रं?"

"लागतो माय. इझंल आपूआप."

गाडी त्याला येती, मला काय कळतंय. पन नजर त्या किटलीवरच. गडाच्या अलीकडं गाडी खडखडली आन हुबी ऱ्हायली. सवाऱ्या उतरून पायी गेल्या.

मिस्तरी आला, दाढी पिकलेला. त्यानं तेल मोजायची सळई वढून बघितली तर कोरडी. तेलच न्हवतं. इंजिन बसलं म्हनला, दुसरं टाकावं लागंल. दिवा लागला तवाच थांबायचं, पुस्तकात लिव्हलेलं असतंय. लेक म्हनला, पुस्तक कोन वाचतंय.

"मी बी कुटं वाचलंय बाबा," मिस्तरी म्हनला.

घरी यिऊन मी आंगूळ केली, फडकं सोडलं, पन्नी फाडली. अक्षरं मुंग्यावानी, पन चित्रं हुती. पानं उलटता उलटता तीच किटली घावली, तोच थेंब. लेकाला दावली.

"माय, तू ह्ये आधी कावून न्हाई उघडलं?"

त्याला वाचता येतंय, त्यानं उघडलं न्हाई. मला येत न्हाई, मी बांधून ठिवलं. मग चुकलं कुनाचं? का ज्यानं लिव्हलं त्याला बी ठावं हुतं, ह्ये कोनी वाचत न्हाई म्हनून?

दुसऱ्या इंजिनाला पैका न्हवता, दसरा झाला तसे लेक-सून परत ऊसतोडीला गेले. गाडी दारात हुबी हाय. पुस्तक माज्या मांडीवर. परत देवापाशी ठिवू का गाडीत ठिवू, ह्येच उमजंना.